मच्छिंद्र पेंटर उस्मानाबादला जातात

भूममध्ये ज्याला वाचता येतं त्यानं मच्छिंद्र पेंटरांचं काही ना काही वाचलेलं असतंच. पिठाच्या गिरणीवरची वेळ, खव्याच्या भट्टीची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, दवाखान्याच्या दारातलं 'चपला बाहेर काढाव्यात' हे सगळं त्यांच्या हातचं. चाळीस वर्षं ते लिहीत आहेत. इतका वाचकवर्ग तालुक्यात दुसऱ्या कुठल्या लेखकाला नाही. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मच्छिंद्र, भूम' अशी सही असूनही त्यांचा सत्कार मात्र कधी झाला नाही. दुसऱ्यांच्या सत्काराचे कापडी फलक ते रंगवत असत, तेही फ्लेक्स आलं आणि थांबलं.

त्यांचा उ ओळखता येतो. शेपूट खालून फिरून खारीसारखी वर येते. गिऱ्हाईकानं कितीही घाई केली तरी ती शेपूट पुरी होईपर्यंत पेंटर शिडीवरून उतरत नाहीत.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा कुणी पेढे वाटले, कुणी गप्प बसलं. मच्छिंद्र पेंटरांनी प्रायमरचे दोन डबे आणले. 'उस्मानाबाद' पुसून 'धाराशिव' लिहायचं काम पुढं वर्षभर पुरलं. पाच अक्षरं जायची आणि त्या जागी चार यायची. उरलेल्या जागेत पेंटर एक लहानसं फूल काढून द्यायचे. फुलाचे पैसे त्यांनी कुणाला लावले नाहीत.

लेक आणि सून दोघंही नोकरीला. त्यामुळं दिवसभर घरात पेंटर, त्यांच्या पत्नी जाईबाई आणि दोन नातवंडं. गौरी सात वर्षांची, पहिलीत. पुढचे दोन दात नाहीत. प्रसेनजित चार वर्षांचा. त्याला सगळे दात आहेत आणि तो ते वापरतो. गौरी वाचायला शिकली ती आबांच्या सायकलच्या दांडीवर बसून, पाट्या बघत. प्रसेनजितला एकच अक्षर येतं, प. ते आपल्या मालकीचं आहे अशी त्याची समजूत आहे आणि कुठं दिसलं की तो मोठ्यानं ताबा घेतो.

भानगड झाली ती गौरीच्या भूगोलात.

घरात आबा आणि आजी जुन्या गोष्टी काढत, तेव्हा त्या उस्मानाबादला घडलेल्या असत. उस्मानाबादला आबांनी पहिल्यांदा आइस्क्रीम खाल्लं. उस्मानाबादला लग्नाचं लुगडं घेतलं. उस्मानाबादला आजी बाजारात हरवली आणि जिलबीच्या दुकानासमोर सापडली, हातात जिलबी घेऊन. याउलट आईबाबा कामाला जात ते धाराशिवला. शाळेत बाई शिकवत ते धाराशिव. आणि गौरीचा एक दात आपोआप पडला होता, पण दुसरा काढायला तिला नेलं होतं तेही धाराशिवलाच. तिनं पुराव्यावरून निष्कर्ष काढला की ही दोन गावं आहेत. एका गावात दात काढतात आणि दुसऱ्यात आइस्क्रीम असतं. कुठल्याही न्यायालयात टिकावा असा तो निष्कर्ष होता.

म्हणून आबा एकदा म्हणाले, "पहिलीचं पुस्तक न अडखळता वाच, कुठं नेऊ सांग," तेव्हा ती लगेच म्हणाली, "उस्मानाबादला."

"नेतो की," पेंटर म्हणाले. त्यांच्या हातात ब्रश होता आणि लक्ष शेपटीत होतं.

गौरीनं आठ दिवसांत पुस्तक वाचून दाखवलं. मग वर्गात जाहीर केलं, "आमी रविवारी उस्मानाबादला जाणार हाव."

वर्गातला उत्कर्ष हा कारकुनाचा मुलगा. त्यानं घरी चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "उस्मानाबाद असं गावच नाही. माझे पप्पा ऑफिसात असतात. ते म्हणाले, आता नाही."

"हाय. माझे आबा तिथं गेलेत."

"मग तुझे आबा थापा मारतात."

शिवकांता मॅडमनी वाद तिथंच थांबवला. थांबवताना त्या म्हणाल्या, "सोमवारी परिपाठात गौरी आपल्याला सांगेल काय काय बघितलं ते." गौरीला ही सुनावणीची तारीख वाटली. आता प्रश्न सहलीचा राहिला नव्हता. सोमवारपर्यंत उस्मानाबाद सापडलं नाही, तर आबा खोटारडे ठरणार होते, आणि आइस्क्रीम, लुगडं, जिलबी सगळंच खोटं होणार होतं.

हे तिनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा पेंटर भाकरी खात होते. त्यांनी घास ताटात ठेवला.

"अगं, गाव तेच हाय. नाव बदललंय निस्तं."

"मग आइस्क्रीम कुठं खाल्लं? धाराशिवला का उस्मानाबादला?"

पेंटरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "उस्मानाबादला."

"मग ते कुठं हाय?"

जाईबाई चुलीपुढून म्हणाल्या, "सांगा की. पेंटर हाव तुमी. सगळ्या गावाला वाट दाखवताव बाण काढून."

पेंटरांनी ट्रंक उघडून जुनं रेशनकार्ड काढलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, जिल्हा उस्मानाबाद. गौरीनं ते वाचलं आणि परत दिलं. "कागदावर राक्षसाचं पण नाव असतंय, आबा. गावावर नाव पायजे. गावातच लिवलेलं पायजे."

"लिवलंय की. म्याच लिवलंय. सात ठिकाणी."

"आन् तुमीच पुसलंय," जाईबाई म्हणाल्या.

"सगळं न्हाय पुसलं. एखादं राहिलंच असंल." पेंटर गौरीकडं वळले. "फोटो काढून आणू. मग बोल म्हणावं तुझ्या त्या कारकुनाला."

जयंतीच्या कमानी नुकत्याच रंगवून झाल्या होत्या, हात मोकळे होते. रविवारी सकाळी तिघं भूमच्या स्टँडवर उभे राहिले. पेंटरांच्या पिशवीत दशम्या, पाण्याची बाटली, एक फडकं आणि सवयीनं एक ब्रश. गौरीनं दोन वेण्या घातल्या होत्या. प्रसेनजितनं आदल्या दिवशीपासून बूट काढले नव्हते.

गाडी लागली. सगळे चढले आणि गौरी पायरीवर थांबली. तिनं पाटी वाचली होती.

"आबा, ही धाराशिवची गाडी हाय."

"हिच्यातच बसायचं."

"मला दात न्हाय काढायचा."

"दात न्हाय गं, बस तर."

मागं रांग तटली. कंडक्टर आतून म्हणाला, "काय झालं, ताई? काय अडचण?"

"मला उस्मानाबादचं तिकीट पायजे."

कंडक्टरनं गंभीरपणे मशीन बघितलं, दोन बटणं दाबली. "मशीनमधी न्हाय ते. पण गाडी जाती तिथपर्यंत."

मशीनमध्येही नाही, हे ऐकून गौरीचा चेहरा पडला. उत्कर्षचे पप्पा आणि आता हे मशीन. तरी ती बसली, कारण गाडी तिथपर्यंत जाते असं एका सरकारी माणसानं सांगितलं होतं. कंडक्टरनं तिकिटं फाडली. "आजोबा अर्धे, नात अर्धी, नातू फुकट. एवढ्या गोंधळाचं एकच माणूस चढलंय गाडीत."

दोन तासांचा रस्ता. प्रसेनजित खिडकीशी उभा राहून प गोळा करत होता. पेट्रोलपंप आला की त्याला एकदम तीन मिळत. येरमाळ्याला त्यानं एका प्रवाशाच्या पिशवीवरचा प सोडायला नकार दिला आणि तो प्रवासी उतरताना ओरडला. येडशीला झाडावर माकडं दिसली, तेव्हा सगळी गाडी एका अंगाला झाली. गौरीनं मात्र माकडांकडं एकदाच बघितलं. तिचं लक्ष मैलाच्या दगडांवर होतं. प्रत्येक दगडावर धाराशिव जवळ येत होतं. उस्मानाबाद कुठल्याच दगडावर नव्हतं.

गाव आलं. दाताच्या दवाखान्यावरून जाताना तिनं तोंडावर हात धरला, तो दोन चौक ओलांडेपर्यंत काढला नाही.

"पहिली पाटी," पेंटर म्हणाले, "सिद्रामप्पा कापड भांडार. आठ फूट लांब. एकोणीसशे ब्याण्णव साल. तशी पाटी पुन्हा झाली न्हाय माझ्याच्यानं."

तिघं जवळजवळ पळतच बाजारात शिरले. दुकान होतं. दुकानावर फ्लेक्स होतं, आणि त्यावर कुठल्या देशातलं कोण जाणे एक कुटुंब विनाकारण हसत होतं. गल्ल्यावर सिद्रामप्पांचा मुलगा शंभुलिंग बसला होता. त्यानं पेंटरांना ओळखलं आणि लहान असताना त्यांच्या शिडीवरून आपण कसे पडलो ते सांगितलं.

"जुनी पाटी कुठाय?"

"काढून टाकली, पेंटर. वडील गेल्यावर."

"टाकली कुठं?"

"पत्रा कोण टाकतं हो? चांगला जाड पत्रा होता. कुणीतरी मागून नेला. लागला असंल कुणाच्या छपराला."

दुसरी पाटी टायपिंगच्या क्लासची. तिथं आता संगणकाचा क्लास होता आणि पाटी इंग्रजीत. पेंटरांनी बोट दाखवलं. "हे बघ, इंग्रजीत हाय. ओ, एस..."

"मला इंग्रजी येत न्हाय. तुमी काय पण सांगताल," गौरी म्हणाली. तिचं आबांवर प्रेम होतं, पण उलटतपासणी उत्कर्ष घेणार होता.

तिसरं ठिकाण मुलांच्या वसतिगृहाची भिंत. ही पेंटरांनी स्वतःच नव्यानं लिहिलेली. त्यांना आशा होती की ऊनपावसानं वरचा रंग उडाला असेल आणि खालचं थोडं दिसत असेल. भिंत काल रंगवल्यासारखी होती. गौरीनं नखानं खरवडून पाहिलं, पेंटरांनी डोळे बारीक करून तिरप्या उन्हात पाहिलं. काही नाही.

"दोन हात प्रायमर मारलं व्हतं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या कामाचा राग आला. "लोकं एक हात मारतेत. म्या मेलो दोन मारून."

गौरी 'धाराशिव'च्या शेवटी हात ठेवून उभी होती. "हे फूल कशाला?"

"एक अक्षर उरलं व्हतं."

तिनं बोटावर अक्षरं मोजली. मग हळूच म्हणाली, "मग हे द हाय." तिनं फोटो काढायला लावला. फूल पुरावा म्हणून चालणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

चौथी, पाचवी, सहावी आणि सातवी पाटी दोन वाजेपर्यंत निकालात निघाल्या. दोन ठिकाणी फ्लेक्स, एका ठिकाणी इमारतच नाही, एका ठिकाणी पेंटरांचंच प्रायमर. तिघांनी एका झाडाखाली दशम्या खाल्ल्या. परतीची गाडी साडेचारची होती. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. प्रसेनजितनं बूट काढायची तयारी दाखवली, हे त्याच्या बाजूनं फार मोठं पाऊल होतं.

गौरी दशमी चावता चावता थांबली. "आबा, ते काका काय म्हणले? पत्रा कुणी टाकत न्हाय."

"न्हाय टाकत."

"मग आपण पाट्या कशाला बघायलाव? पत्रे बघू."

पेंटरांनी नातीकडं बघितलं. चाळीस वर्षं ते गावाकडं समोरून बघत आले होते. गावाला मागची बाजू असते आणि ती पत्र्याची असते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "चल."

पुढचा दीड तास धाराशिवच्या लोकांनी एक विचित्र पथक बघितलं. ते दुकानात येत नव्हतं, मागून जात होतं. कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर तपासलं. कोंबडीनं पेंटरांना टोचलं. चहाच्या टपरीचा आडोसा तपासला, त्यावर कुठल्या तरी खताची जाहिरात निघाली. पंक्चरच्या दुकानात प्रसेनजितला एवढे प मिळाले की तो तिथंच राहायचं म्हणू लागला. एका गोठ्यामागं गौरीला 'बाद' दिसलं. ती किंचाळली, तिघं शेणातून पळत गेले, पाटी पुरी बघितली तर ती औरंगाबादच्या ट्रान्सपोर्टची होती. गोठ्याच्या मालकानं विचारलं, "काय बघायलाव हो?"

"उस्मानाबाद," गौरी म्हणाली.

मालकानं पेंटरांकडं बघितलं. "हेच की."

"तेच सिद्ध करायचंय," पेंटर म्हणाले आणि पुढं निघाले.

पावणेचारला ते स्टँडच्या अलीकडं एका रसवंतीशी थांबले. आता रस पिऊन गाडी धरायची, असं पेंटरांनी ठरवलं होतं. ते गौरीला सांगायचं कसं, याची जुळवाजुळव ते मनात करत होते. रसवंतीची मालकीण इरम्मा, साठीची बाई, ऊस चरकात घालत होती. तेवढ्यात प्रसेनजितला शू लागली. तो सांगून मागच्या बाजूला गेला आणि क्षणभरानं त्याची हाक आली.

"आबा, पडला."

पेंटरांच्या हातातला पाण्याचा पेला सांडला. ते धावले. पोरगं खाली कुठंच पडलेलं नव्हतं. रसवंतीच्या मागच्या भिंतीच्या जागी एक लांब पत्रा उभा होता, धुळीनं माखलेला, आणि प्रसेनजित एका हातानं चड्डी धरून दुसऱ्या हातानं त्याकडं दाखवत होता.

"प पडला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरी काळजी होती. आपला प डोक्यावर पडलेला त्यानं याआधी कधी बघितला नव्हता.

पेंटरांनी पिशवीतून फडकं काढलं, बाटलीतलं पाणी ओतलं आणि पुसायला लागले. निळ्यावर पिवळी अक्षरं उगवली. सगळी उलटी. गौरी पाय फाकवून वाकली, डोकं खाली घालून दोन पायांमधून वाचू लागली. वेण्या मातीला टेकल्या.

"सि... द्रा... मप्पा. कापड. भांडार." तिचा आवाज चढायला लागला. "आबा, पुसा, खाली पुसा. न्हाय, वर. वर पुसा."

पेंटर टाचा उंचावून पुसत होते. पाटी थेट छपराला लागलेली, आणि शेवटची ओळ उलट्या पाटीत सगळ्यात वर गेलेली. फडकं पुरेना तेव्हा त्यांनी टोपीनं पुसलं. आधी दिसली शेपटी, खारीची, पण खाली लोंबणारी.

"उ," गौरी म्हणाली. "आबा, तुमचा उ हाय."

"वाच."

"उ. स्मा. ना. बा." तिचा श्वास पुरेना. "द."

तिला न अडखळता वाचता आलं नाही, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. ती सरळ झाली, तोंड लाल, आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. प्रसेनजितला कारण कळलं नाही, तरी तोही मारायला लागला आणि चड्डी सुटली. पेंटर खरोखरच वाकून, नातीसारखंच पायांमधून, आपली ब्याण्णव सालची ओळ बघत होते. कोपऱ्यात सही होती.

इरम्मा मागं येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पत्रा न्यायचा न्हाय हं. वारं लागतंय मला."

"न्हाय नेत. पण उलटा का लावलाव, बाई?"

"मला कुठं वाचाय येतंय. मला दोन्ही बाजू सारख्याच."

पेंटरांना ती पाटी सुलटी करायची फार इच्छा झाली. त्यांनी खिळे मोजायला सुरुवातही केली. मग घड्याळ बघितलं आणि मोबाइल इरम्माच्या हातात दिला. "एक फोटो काढा. नाव सगळं आलं पायजे."

तिघं पाटीपुढं उभे राहिले. गौरीनं प्रसेनजितची चड्डी वर धरली होती. इरम्मानं फोटो काढला. तिनं आयुष्यात काढलेला तो पहिला फोटो, आणि नाव सगळं आलं. मग तिनं तिघांना रस दिला, आणि गौरीनं तो पाटीला टेकून प्यायला.

"आइस्क्रीम न्हाय, पण उस्मानाबादचाच हाय," ती म्हणाली.

साडेचारची गाडी त्यांनी पळत धरली. भूमला उतरल्यावर पेंटरांनी स्टुडिओत जाऊन फोटो कागदावर छापून घेतला. जाईबाईंनी तो बघितला, फिरवला, पुन्हा फिरवला. "नाव सरळ धरलं की तुमी उलटे होताव," त्या म्हणाल्या. "आन् तुमी सरळ झालाव की नाव उलटं. आता उद्या पोरगी काय करंल?"

पेंटरांना रात्रभर तीच चिंता होती.

सोमवारी परिपाठ सुरू झाला. गौरी पुढं गेली आणि फोटो वर धरला. पुरावा नावाचा होता, त्यामुळं तिनं नाव सरळ धरलं. त्याखाली आबा, ती आणि प्रसेनजित पाय वर करून लोंबत होते. प्रसेनजितचा शर्ट मोठा होता.

उत्कर्षनं फोटो हातात घेतला. जोडाक्षर आलं की तो सावकाश जातो. 'स्मा'पाशी थांबला, मग पुढं गेला. पुरं वाचलं. मग खाली बघितलं. शिवकांता मॅडम हजेरी भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण पेन थांबलं होतं.

"नाव आहे," उत्कर्षनं मान्य केलं. "पण माणसं उलटी आहेत."

गौरीनं एक क्षणही घेतला नाही. "उस्मानाबादला असंच असतंय."

उत्कर्षनं विचार केला. पप्पांना ते गाव का दिसलं नसावं, याचं उत्तर त्याला मिळालं असावं, कारण त्याचा चेहरा मोकळा झाला. "चालताना पडत नाही?"

"सवय होऊन जाती."

तो फोटो त्यानं परत दिला नाही. थोडा वेळ धरून ठेवला, मग हळू आवाजात विचारलं, "तुझे आबा मला नेतील?"

"विचारते," गौरी म्हणाली. "पण शर्ट खोचून ये. न्हायतर तोंडावर येतो."